बेवारस जाळी

जव्हारच्या डोंगरातल्या दाभोशात रेंज मिळते ती फक्त वरच्या वळणावर, मोहाच्या झाडाखाली. वेणू भर दुपारी तिथं येऊन बसली होती, कारण समुद्रातल्या कचऱ्यावरची सभा मोबाईलवर भरणार होती. डोंगरात बसून समुद्राची सभा! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण वेणूला तिथं एकच गोष्ट सांगायची होती. तिचा मुलगा पंढरी दारू पिऊन बोटीवरून पडला नव्हता.

पंढरी खलाशी होता. गेल्या वर्षी बोटीच्या पंख्यात कुणाचं तरी टाकलेलं जाळं अडकलं, ते कापायला तो सुरी घेऊन पाण्यात उतरला आणि वर आलाच नाही. सोबतच्या ढवळूनं हे डोळ्यांनी पाहिलं. पण शेठनं सांगितलं, प्यालेला होता, तोल गेला. झालं, गावभर तेच. नदीच्या डोहात पोहत वाढलेलं पोर, कधी दारूच्या थेंबाला शिवलं नाही, ते मेल्यावर बेवडं ठरलं. मेलेल्याला तोंड नसतं म्हणून काहीही बोलावं काय?

शेजारच्या योगितानं फोनवर फॉर्म उघडला. "काकी, हितधारक कोण ते विचारलंय. मच्छीमार, बोटमालक, अधिकारी..."

"हितधारक म्हंजे काय गं?"

"ज्याचं त्यात काही आहे तो."

"माझं होतं," वेणू म्हणाली. योगितानं 'इतर'वर बोट ठेवलं.

चौकटीचौकटीत चेहरे आले. एकात गोकुळशेठ, पंढरीचा मालक. सभा चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "समुद्रात बेवारस जाळी फार सापडतात. ती टाकतं कोण?"

"आमच्यातलं कुणी नाही, मॅडम," गोकुळशेठ म्हणाला. "बेवारस ती बेवारसच." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

वेणूला पोराचे शब्द आठवले. होळीला घरी आला तेव्हा पंढरीच सांगत होता, "आये, जाळं फाटलं की शेठ म्हणतो, दे सोडून. मीच कापून पाण्यात सोडतो." आता बोलावं तर पोराच्या माथी दोष, गप्प बसावं तर शेठचं खोटं खरं. इकडं आड, तिकडं विहीर. तिनं योगिताला आवाज चालू करायला सांगितलं.

"माझा पंढरी टाकायचा जाळी. या शेठच्या हुकमानं. आणि तसल्याच जाळ्यात गुतून मेला. दारू नव्हता पिलेला. पोर माझं शुद्धीत मेलं."

गोकुळशेठची चौकट काळी झाली. मॅडम म्हणाल्या, "धन्यवाद ताई, फार मोलाची माहिती दिलीत." घरी उतरताना वेणू रडली, पण वर्षात पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

चार दिवसांनी सभेचा अहवाल आला. योगितानं त्याच वळणावर तो वाचून दाखवला. 'खलाशी अज्ञानापोटी जुनी जाळी समुद्रात टाकतात, असे जव्हारच्या एका हितधारक महिलेने मान्य केले. बोटमालकांनी खलाशांना प्रशिक्षण द्यावे.'

"शेठच्या हुकमाचं?"

"नाही लिहिलं."

"दारूचं?"

योगितानं पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाही, काकी."

वेणू म्हणाली, "बेवडा तर गाव म्हणतच होतं. दर्या घाण करणाराही तोच, हे मात्र त्याच्या आईनं सांगितलं."