बुधवारच्या चिठ्ठ्या

वर्गाच्या दारावर नवे वेळापत्रक चिकटवले होते आणि त्यात बुधवार नव्हता. मोठ्या बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि पुन्हा वाचले. सोमवार होता, मंगळवार होता आणि मंगळवारच्या पाठीला पाठ लावून गुरुवार उभा होता. वयाच्या शहात्तराव्या वर्षी, स्वतःच्या हाताने उभ्या केलेल्या इंग्रजीच्या वर्गातून स्वतःचाच तास हाकलला गेलेला पाहणे कोणाच्याही वाट्याला येऊ नये. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आत सून फळा पुसत होती. बाईंनंतर वर्ग तिनेच चालवायचा हे घरात ठरलेले होते. मात्र ते 'नंतर' यायला पुष्कळ अवकाश आहे, असे बाईंचे मत होते.

"बुधवार कुठे गेला?"

"कॅलेंडरवर आहे की, आई. वेळापत्रकातून काढलाय."

"कोणाला विचारून?"

"हॉस्पिटलला नर्सेस आठ आठवड्यांत तयार हव्यात. नाव, वय, दुखतंय कुठे, एवढं विचारता आलं की त्यांचं भागतं. जस्ट, स्टिल, येट, ईव्हन... चिमूटभर शब्दांसाठी आठवड्याचा आख्खा तास कुठून आणू मी?"

"आणि डबा?"

"मागच्या खोलीत आहे. फिनेलशेजारी."

बाई मागच्या खोलीत गेल्या, पोछ्याची काठी बाजूला सारली आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा छातीशी धरून परत आल्या. झाकणावर वाळलेले ओघळ त्यांनी रुमालाने पुसले. एकदा पुसले, दोनदा पुसले, आणि प्रत्येक वेळी सुनेकडे पाहून पुसले.

या डब्याची रीत चाळीस वर्षे बदललेली नव्हती. बुधवारी आत येताना प्रत्येकीने, आठवडाभरात स्वतःच्या कानांनी ऐकलेले एक इंग्रजी वाक्य चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचे. बसथांब्यावर ऐकलेले चाले, दुकानात ऐकलेले चाले. अट एवढीच की, त्यात एक तरी असा बारका शब्द असावा, जो काढला तरी वाक्य उभे राहते, पण ऐकणाऱ्याचा चेहरा पालटतो. मग एकीने ते वाक्य शब्दासकट आणि शब्दावाचून म्हणायचे, आणि बाकीच्यांनी समोरचीचा चेहरा पाहायचा. व्याकरणाचे पुस्तक त्या तासाला मिटलेले असे. चिठ्ठी नाही त्याला प्रवेश नाही. या नियमातून सूनदेखील सुटली नव्हती; तिच्याही अकरा वर्षांच्या चिठ्ठ्या त्याच डब्यात होत्या.

आज बुधवारच होता. चारच्या ठोक्याला बारा नर्सेस आल्या. दारावरचा कागद एकीनेही वाचला नव्हता. सगळ्यांच्या हातात चिठ्ठ्या होत्या.

"आज मराठीत बोलू," बाई म्हणाल्या. "एरवी उंबऱ्याच्या आत इंग्रजीच, पण माझा आजचा राग मराठीत आहे. आपल्या या मॅडमना वाटतं की बारके शब्द म्हणजे केर. कोण सांगतं यांना?"

मागच्या बाकावरची उंच नर्स उठली. तिने आपली चिठ्ठी उलगडली. "माझ्या वॉर्डात फक्त इंग्रजी समजणारे एक आजोबा आहेत. ताट तसंच पडलं होतं, म्हणून मी म्हटलं, 'यू हॅव नॉट ईटन.' त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. नंतर आमच्या हेड सिस्टर आल्या. त्या म्हणाल्या, 'यू हॅव नॉट ईटन येट.' आजोबांनी चमचा हातात घेतला."

"का घेतला?" बाईंनी सुनेकडे पाहत विचारले.

"माझ्या बोलण्यात ते गुन्हेगार होते," उंच नर्स म्हणाली. "सिस्टरच्या बोलण्यात जेवायला वेळ होता."

"ऐकलंत, मॅडम? एका 'येट'ने माणूस जेवला. सुई टोचताना 'जस्ट' म्हटलं की सुई लहान होते. पाहुण्याला 'यू आर स्टिल हिअर' म्हटलं की पाहुणा चप्पल शोधायला लागतो. 'ईव्हन ही पास्ड' म्हटलं की पास झालेल्याचं तोंड उतरतं. आणि तुम्ही हे फिनेलशेजारी ठेवता."

एक नर्स फिसकन हसली आणि तिने लगेच हसू गिळले. सुनेचे कान लाल झाले होते. तिने हातातले फडके टेबलावर टाकले, पुढे आली आणि डबा उपडा केला. पिवळ्या, पांढऱ्या, तिकिटांच्या पाठीवर लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग टेबलावरून ओसंडून जमिनीवर सांडला.

"यात तुमचं एक वाक्य काढून दाखवा, आई."

"माझं?"

"तुमच्या तोंडचं. चाळीस वर्षांत शेकडो जणी इथे येऊन गेल्या. दिवसभर कानावर इंग्रजी पडायचं ते तुमचंच. एखादीने तरी तुमचं वाक्य आणलं असेल. काढा."

आव्हान टाळणे बाईंच्या रक्तात नव्हते. त्या खुर्चीवर बसल्या आणि चिठ्ठ्या उचलू लागल्या. प्रत्येक चिठ्ठीखाली बोलणाऱ्याची ओळख लिहिलेली असे. बस कंडक्टर. शेजारीण. दंतवैद्य. एक चिडलेले गिऱ्हाईक. पुन्हा शेजारीण. सुनेच्या अक्षरातली एक चिठ्ठी: 'माझे वडील, फोनवर.' नर्सेस जमिनीवरच्या चिठ्ठ्या गोळा करून पुढे ठेवत होत्या, आणि 'बाई' असे लिहिलेली एकही चिठ्ठी सापडत नव्हती.

"सापडणार नाही," सून म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, पण धार तीच होती. "नियमात बसणारं तुम्ही कधी बोललाच नाहीत. 'ब्रिंग द रजिस्टर.' 'क्लोज द विंडो.' अकरा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना दवाखान्यात दाखल केलं, त्या दिवशी मी तिथून धावत आले. दारात तुम्ही म्हणालात, 'यू आर लेट.' मी ती चिठ्ठी लिहिली होती, आई. डब्यात टाकता आली नाही, कारण तिच्यात तुमचा बारका शब्दच नव्हता. जो माल घरच्यांना कधी दिला नाही, तो इथे बसून वाटता आणि मी दर बुधवारी समोर बसून बघते. म्हणून काढला तास. हॉस्पिटलचं निमित्त होतं."

त्या दिवशी ती दवाखान्यातून आली होती, हे बाईंना माहीत नव्हते. त्यांनी विचारले नव्हते आणि हिने सांगितले नव्हते. या दोन्ही गोष्टींचा त्यांना संताप आला, आणि पहिलीचा अधिक आला, म्हणून त्या दुसरीवर तुटून पडल्या.

"तोंड शिवलं होतं का तुझं? अकरा वर्षं पोटात ठेवून आज बाराजणींसमोर काढतेस?"

"बाराजणींसमोर कोणी सुरुवात केली?"

बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, वेळापत्रकावर मंगळवार आणि गुरुवार यांच्यामधल्या फटीत पेनाने 'बुधवार, चार वाजता' असे दाबून लिहिले. इतके दाबून, की कागद फाटला. खाली शिकवणारीचे नाव म्हणून त्यांनी सुनेचे नाव लिहिले.

"तास राहील. शिकवशील तू. मी बाकावर बसेन आणि बघेन तुला किती जमतं ते."

"चिठ्ठी आणावी लागेल," सून म्हणाली. "नियम आहे."

त्या आठवड्यात घरात भांड्यांचाच आवाज अधिक झाला. बाई कान टवकारून हिंडल्या. बसथांब्यावर बसल्या, दुकानात उगाच रेंगाळल्या. पण शेजारणीचे वाक्य नेणे त्यांना कमीपणाचे वाटू लागले होते. मंगळवारी संध्याकाळी सून स्वयंपाकघरात फोनवर उंच नर्सशी बोलत होती. "शी इज स्टिल अँग्री," भिंतीपलीकडून ऐकू आले. मग, "बट शी विल कम एनीवे."

एनीवे. म्हणजे अपमान झाला, राग आहे, ते सगळे बाजूला ठेवून येईलच. इतके गृहीत धरावे माणसाने? बाईंनी त्या वाक्याची चिठ्ठी लिहिली, संतापाने फाडली, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लिहिली. खाली 'माझी सून' लिहावे की 'एक शिक्षिका', यात चार वाजून गेले.

दारात सून डबा घेऊन उभी होती. झाकणावर फिनेलचा डाग राहिला नव्हता. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

"यू आर लेट."

आतल्या बारा माना वळल्या. बाईंनी चिठ्ठी डब्यात टाकली, पण आत पाऊल टाकले नाही. उंबऱ्यावर काठीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. वाक्य शब्दावाचून आले होते; बारक्या शब्दासकट ऐकल्याशिवाय त्या आत जाणार नव्हत्या.

सुनेने डब्यातून ती चिठ्ठी काढली आणि वाचली. खालची ओळही वाचली: 'माझी सून, भिंतीपलीकडून.' तिने चिठ्ठी परत आत टाकली आणि झाकण लावले.

"जस्ट अ लिटल," ती म्हणाली, दात आवळलेलेच होते.

बाई आत येऊन पहिल्या बाकावर बसल्या.