वरच्या वाडीतलं दुसरं धुराडं

पाटात अडकलेला पाला एर्मिनियाने खोऱ्याने ओढून काठावर टाकला, कंबर सरळ करायला मान वर केली, आणि तिला दुसरा धूर दिसला. पहिला तिच्या स्वतःच्या घराचा होता. सकाळी सातलाच तिने चुलीत लाकडं सारून ठेवली होती. दुसरा तिच्या बहिणीच्या, नीव्हेसच्या, बंद घरातून निघत होता. सव्वीस वर्षांत त्या धुराड्यातून पाकोळ्यांशिवाय काही बाहेर पडलं नव्हतं.

खोरं तिथेच टाकून ती उतरणीला लागली. एप्रनला हात पुसत देवळाच्या ओसरीपाशी पोहोचली, तेव्हा इलारियो घडीचं टेबल उलगडत होता. इलारियो एके काळी आमचा पोस्टमन होता. आता संस्थानाच्या निवडणुका तोच घेतो, कारण डोंगरातल्या सातही वाड्यांच्या चढणी त्याच्या गुडघ्यांना पाठ आहेत.

"तो धूर बघितलास?"

"बघितला. वहीत लिहिलासुद्धा. दहाच्या आत निघाला, म्हणजे चूल धरावी लागणार." इलारियोने वर पाहिलं नाही. "आल्मेरिगोशेठ पहाटेच गाडी घेऊन जेनोव्हाला गेले होते. नीव्हेसबाईंना घेऊन आले."

पांढरी गाडी देवळाच्या कडेला उभी होती, आणि तिला टेकून आल्मेरिगो संत्रं सोलत होता. खालच्या वाडीत त्याची फुलांची अकरा हरितगृहं आहेत. फुलं पाणी फार पितात.

कोल्दिनेरा संस्थान नकाशावर सापडत नाही. इटलीचं सरकार आम्हाला पेन्शन देतं, दवाखाना देतं, आणि आमचा झेंडा बघून हसतं. आमची तिकिटं छंदिष्ट लोक जमवतात, त्यांनी पत्र मात्र कुठेच जात नाही. पण डोंगरातल्या झऱ्याचं पाणी कोणाच्या शेतात किती वाजता सुटेल, हे सात वाड्यांच्या सात प्रतिनिधींची सभा ठरवते, आणि ते अजून कोणी मोडलेलं नाही. पाणी खुर्चीला बांधलेलं आहे. वाडीची खुर्ची राहिली की वाडीचं पाणी राहतं, मग तिच्यावर कोणीही बसो. खुर्ची गेली की पाणी पाच वर्षांसाठी खालच्या वाडीला.

वरच्या वाडीत चूल एकच पेटत असे. एका चुलीला मत लागत नाही. तिचा माणूस आपोआप सभेत बसतो. एर्मिनियाचा नवरा बोर्तोलो असाच पंचवीस वर्षं बसला आणि तिथे बसल्या बसल्या घोरला. तो गेल्या हिवाळ्यात वारला. आज खुर्ची एर्मिनियाकडे यायची होती.

"आता दोन चुली झाल्या," इलारियो म्हणाला. "म्हणजे मत आलं. उमेदवार दोन, मतदारही त्याच दोन. स्वतःला मत देता येत नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे."

"म्हणजे मी तिला द्यायचं आणि तिने मला?"

"दोघींनी दिलं तर बरोबरी. बरोबरीत खुर्ची जाते. दोघींनी नाही दिलं, तरी जाते." त्याने आवाज खाली आणला. "एकीनेच दिलं तर राहील. यापुढे बोलायची मला परवानगी नाही, एर्मिनियाबाई. तुम्हालाही नाही. बाराच्या घंटेपर्यंत मताविषयी चकार शब्द नाही."

आल्मेरिगोने संत्र्याची फोड तोंडात टाकली. "त्या दोघींना कसली आलीय बंदी! सव्वीस वर्षं पाळतायत की."

त्याचा हिशेब पक्का होता, आणि तो एर्मिनियाला कळलाही. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन बहिणी एकमेकींना मत कशाला देतील? खुर्ची आपोआप जाईल, आणि आल्मेरिगोच्या हाताला चिखलही लागणार नाही.

नीव्हेस घरातून बाहेर आली. केस पांढरे झाले होते आणि चालताना डावा पाय जरा ओढत होती. चुलीच्या राखेचा डाग कोटाच्या बाहीवर तसाच होता. एर्मिनियाकडे न बघता ती ओसरीच्या दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसली.

टेबलावर दोन गाडगी होती, प्रत्येकाच्या तोंडाला कापडी बाही शिवलेली आणि आवाज होऊ नये म्हणून तळाशी लोकर घातलेली. इलारियोने दोघींना पावट्याचा एकेक वाळका दाणा दिला. बंद मूठ बाहीत घालायची. दाणा सोडायचा किंवा नाही सोडायचा. मूठ पुन्हा बंदच बाहेर काढायची. बाकीच्या वाड्यांत दोन्ही गाडग्यांत हात घालतात. इथे प्रत्येकीला एकच गाडगं, दुसरीचं.

नीव्हेस आधी उठली. तिने एर्मिनियाच्या गाडग्यात मूठ घातली आणि दोन श्वासांत बाहेर काढली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मूठ कोटाच्या खिशात गेली आणि ती बाकावर परत बसली.

एर्मिनियाने त्या खिशाकडे पाहिलं. त्यात दाणा असणारच. नीव्हेसने जन्मात कोणाला काही दिलं होतं? एकोणिसाव्या वर्षी शहरात निघून गेली, ती तिकडचीच झाली. आईची आजारपणं, शेळ्या, पाटाचा गाळ, सगळं एर्मिनियाच्या गळ्यात. देणारी म्हणून सगळा डोंगर तिला ओळखत होता. मग आजही तिनेच द्यायचं. नीव्हेस खुर्चीवर बसेल, बसू दे मेली. पाणी तर राहील. तेवढा अपमान गिळायला काय हरकत होती?

ती उठली. साडेअकरा वाजले होते.

बाहीच्या आत हात गेला. बोटांना लोकर लागली. आता फक्त मूठ उघडायची.

आईने शेवटच्या आठवड्यात तीनदा नीव्हेसचं नाव घेतलं होतं. 'तिला बोलाव.' एर्मिनियाने पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि चार दिवस कपाटात ठेवलं. रात्री-अपरात्री आईचं अंथरूण बदलणारी मी, आणि शेवटी डोक्यावर हात तिच्या? पत्र पेटीत पडलं ते आईला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी. 'आईच्या मातीलासुद्धा आली नाही', असं तिने सगळ्या वाड्यांत सांगितलं आणि लोकांनी मान डोलावली. पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख इथे फक्त इलारियोने पाहिली होती. तो कधी बोलला नाही.

मूठ उघडेना. तिने मनाला बजावलं: वांगी जातील, आर्टिचोक जातील, बोर्तोलोने लावलेली लिंबं जातील. बोटांनी ऐकलं नाही. समोरच्या बाकावर बसून नीव्हेस आपल्या बुटाच्या टोकाकडे बघत होती, आणि त्या नुसत्या बसण्याचा एर्मिनियाला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

हात बाहेर आला. मूठ बंदच होती. तिने ती एप्रनच्या खिशात घातली, आणि खिशात गेल्यावर बोटं आपोआप सुटली.

स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा पाडून घेतला होता तिने. अर्धा तास ती बाकावर बसून राहिली. वर पाट वाहत होता, त्याचा आवाज तिला नको नको झाला.

बाराची घंटा झाली. इलारियोने आधी नीव्हेसचं गाडगं उलटं केलं. लोकर पडली, त्याने ती पिंजून दाखवली.

"शून्य."

आल्मेरिगोने सालं टाकून दिली आणि गाडीची किल्ली काढली. इलारियोने दुसरं गाडगं उलटं केलं. लोकरीबरोबर दाणा टेबलावर पडला, घरंगळला, आणि त्याने तो बोटाने थांबवला.

"एर्मिनियाबाईंना एक."

"हे काय?" आल्मेरिगो ओसरीवर चढला. "नीव्हेसबाई, आपलं ठरलं काय होतं?"

"ठरवलं तुम्ही होतंत. मी गाडीत बसले."

एर्मिनिया उभी राहिली होती. "इलारियो, तिला विचार, का दिला."

इलारियोला विचारायची गरज पडली नाही. नीव्हेसही त्याच्याकडेच बघून म्हणाली, "तिला सांग, दोघींनी दिला असता तर खुर्ची गेली असती. ती देणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मग माझा टाकायला भीती कसली?"

"आणि आलीच कशाला?" एर्मिनियाने इलारियोलाच विचारलं. "आली नसती तर मतच लागलं नसतं."

"वाडीतलं गिरणीचं पडकं घर घेऊन शेठ त्यात आपला माणूस बसवणार होते. पुढच्याच आठवड्यात मतदान आहे, तुम्ही येता की त्याला बसवू, असं फोनवर विचारलं मला. तो माणूस तिला दाणा देणार होता का?"

आल्मेरिगोने किल्ली पुन्हा खिशात टाकली आणि खांबाला टेकून उभा राहिला.

"घाई कशाला?" तो म्हणाला. "स्वीकार व्हायचाय अजून."

इलारियोने वही उघडली. संस्थानात निवडून आलेल्या माणसाला खुर्ची आयती मिळत नाही. मत देणाऱ्यांसमोर उभं राहून, त्यांच्याकडे बघून, 'तुम्ही दिलंत, मी घेतलं' असं म्हणावं लागतं. मोठ्या वाड्यांत हे चौकातल्या गर्दीला उद्देशून म्हणतात आणि लगेच वाईनची पिंपं फुटतात. इथे देणारी एकच होती. एक देणारी असली तर तिचं नाव घ्यायचं. न म्हटलं तर खुर्ची रद्द, आणि ते आल्मेरिगोला पाठ होतं.

"म्हणा, एर्मिनियाबाई."

नीव्हेस बाकावरून उठली आणि समोर येऊन उभी राहिली. जवळून तिचे डोळे थेट आईसारखे होते. आल्मेरिगो घड्याळ बघत होता.

"नीव्हेस," ती म्हणाली. "तू दिलंस."

इलारियोचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

"मी दिलं नाही. आजही नाही. तेव्हा पत्रसुद्धा मीच..."

"माहीत आहे," नीव्हेस म्हणाली. "पाकिटावर तारीख असते, मिनिया. पुढचं म्हण."

"घेतलं," एर्मिनिया म्हणाली.