एक्केचाळीस बाइट्सचं नाव

"पेशंटचं नाव मराठीत टाकलं, तिथेच घोळ झाला," चारुदत्त साहेब म्हणाले आणि बोटाला लागलेली समोशाची चटणी त्यांनी चाटली. "इंग्रजीत टाकायचं ना! मॅन्युअलमध्ये तसं लिहून देऊ आता."

मुबीनाच्या पुढ्यात पळस्प्याच्या हॉस्पिटलात दगावलेल्या पेशंटबद्दलचा एकपानी रिपोर्ट होता. 'कारण : हाताळणाऱ्या व्यक्तीची चूक.' खाली तिच्या सहीची जागा. पेशंटचे ठोके, ऑक्सिजन दाखवणारे मॉनिटर बनवणाऱ्या पनवेलच्या या छोट्या कंपनीत ती अकरा वर्षं प्रोग्रॅम लिहीत होती.

"सर, या बिघाडाबद्दल फेब्रुवारीत मेल केला होता मी. दुरुस्तीच्या पॅचसकट."

"पॅच टाकायचा म्हणजे पुन्हा टेस्टिंग, पुन्हा सर्टिफिकेट. एवढ्याशा बगसाठी?" त्यांनी दुसरा समोसा उचलला. "आणि त्या आदिवासी बाईला साप चावला होता, मुबीना. मशीन नव्हतं चावलं."

टेबलाभोवती दोघं-तिघं हसले. मुबीनाने समोशाची बशी बाजूला सारली.

बग एवढासाच होता. मशीनच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये, स्क्रीन चालवणाऱ्या भागाने पेशंटच्या नावासाठी बत्तीस बाइट्सची जागा ठेवली होती आणि येणारं नाव मापून घ्यायची तसदी घेतली नव्हती. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसतं. मराठीत प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेलासुद्धा, तीन लागतात. त्या बाईच्या नावाचे, 'साळू चांगो हिलम'चे, होतात एक्केचाळीस. वरचे नऊ शेजारच्या जागेत सांडले. तिथे स्क्रीन ताजी ठेवणाऱ्या कामाचा पत्ता होता, तो पुसला गेला. कर्नेलमध्ये एकाचं सांडलेलं दुसऱ्याच्या जागेत जायला आडकाठी नसते. स्क्रीन थिजली, अलार्मही. मुबीनाचा पॅच सहा ओळींचा होता : आधी लांबी मोजा, मग नाव लिहा.

"सही नाही करणार मी," ती म्हणाली.

"तू नाही केलीस तरी ठपका नाव टाकणाऱ्या नर्सवरच येणार. तिची चौकशी चालू आहे."

रिपोर्टमधली 'हाताळणारी व्यक्ती' म्हणजे कोण, हे मुबीनाला तेव्हाच कळलं. ती तशीच उठली आणि रिक्षाने पळस्प्याच्या त्या खासगी हॉस्पिटलात गेली. दिपा नावाची विशीतली मुलगी जिन्याखाली बसली होती.

"पाच बेड होते मॅडम, आणि मी एकटी," ती म्हणाली. "साळूचा नवरा काचेबाहेर बसलेला. चौथीपर्यंत शिकलाय. बायकोचं नाव त्याला वाचता यावं म्हणून मराठीत टाकलं. चुकलं का माझं?"

"नाही," मुबीना म्हणाली. "अजिबात नाही."

तिथेच बसून तिने झालेलं सगळं लिहून काढलं, फेब्रुवारीच्या मेलची प्रत जोडली आणि हॉस्पिटलच्या कचेरीत शिक्का घेऊन कागद दिला. दुसऱ्या दिवशी तिचं ऑफिसचं कार्ड गेटवर चाललं नाही. वॉचमनने तिची वही, डबा आणि चहाचा मग एका पिशवीत घालून आणून दिला.

दिपाची नोकरी वाचली. महिन्याभराने तिनेच मुबीनाला कंपनीचं पत्रक दाखवलं. गुळगुळीत कागद, वर चारुदत्त साहेबांचा हसरा फोटो. 'आता पेशंटचं नाव आपल्या मायमराठीत! आमची नवी भेट.' पॅच तोच होता, त्या सहा ओळी. साळूबद्दल अवाक्षर नव्हतं. मुबीनाने पत्रक दोन बोटांनी धरून परत दिलं आणि नळाखाली हात धुतले.

त्या रविवारी ती नेऱ्याला गेली. डोंगराखालच्या कातकरवाडीत चांगो हिलम झोपडीसमोर लाकडं फोडत होता. ती कोण, कुठून आली, हे ऐकल्यावर त्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

"मी बसलेलो ना ताई तितंच," तो आपणहून सांगू लागला. "नाव वाचत व्हतो तिचा. खाली आकडा, सत्त्याण्णव. नर्सबाय बोलली व्हती, नव्वदच्या खाली ग्येला का हाक मार. मी डोला नाय हलवला. आकडा नाय हलला. आन् मंग बाय धावत आली, तं सालू काली-निली. माजा कायतरी चुकला आसंल. आकडा कवा उतरला, मना कललाच नाय."

"उतरला नव्हताच, चांगोभाऊ. मशीन बंद पडलं होतं. जुनाच आकडा दाखवत राहिलं. मशीन आमचं होतं. बिघाड आम्हाला माहीत होता, आणि आम्ही तो काढला नाही."

चांगो शिव्या देईल, अंगावर येईल, असं तिला वाटलं. आलाही असता तरी ती हलली नसती.

"मंजे मी बराबर बगत व्हतो?"

"बरोबर बघत होतात."

त्याने खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. झोपडीत जाऊन तो साळूच्या आईला हाताला धरून बाहेर घेऊन आला. म्हातारी जावयाकडे बघतही नव्हती.

"हिला पन सांगा," चांगो म्हणाला. "ही बोलतंय, तू झोपला व्हतास. म्हयना उलटून ग्येला, माज्याशी बोलत नाय."

त्याने पोतं अंथरलं. मुबीना म्हातारीसमोर जमिनीवर बसली आणि पहिल्यापासून, सावकाश, सांगू लागली.