मनकर्णाबाईच्या गोळ्या

तीन महिने औषध चालू होतं, तरी मनकर्णाबाईचं वजन पस्तीस किलोच्या वर सरकेना. गोंडपिपरीच्या दवाखान्यात टीबीच्या खोलीत बसणाऱ्या सरिताला याचा छडा लागत नव्हता. दर सोमवारी बाई नदीकाठच्या गावाहून यायची, गोळ्यांची रिकामी पाकिटं टेबलावर ठेवायची. एकही गोळी शिल्लक नसायची. बेडक्यात जंतू मात्र कायम.

"गोळ्या फेकून तर नाई देत ना बाई?" सरितानं एकदा रांगेतल्या सगळ्यांसमोर विचारलं.

"एक बी फेकली नाई, मॅडम."

"मंग खोटं कोण बोलून राह्यलं? तुम्ही का बेडका तपासणारं मशीन?"

मनकर्णाबाई मान खाली घालून निघून गेली. पुढच्या सोमवारी ती आलीच नाही, म्हणून मंगळवारी सरिता स्कूटी काढून तिच्या गावी गेली.

बाई अंगणात ऊन खात बसली होती. सरिताला पाहताच धडपडत उठली आणि दार अडवून उभी राहिली. आत कोणीतरी तोंड दाबून खोकत होतं.

"सून माहेरी आहे म्हणाल्या होत्या ना?"

बाईनं दार सोडलं नाही. सरिता तिच्या बाजूनं आत शिरली. भिंतीला टेकून हर्षा बसली होती. चोवीस वर्षांची पोर, गालफडं बसलेली, पदर तोंडाशी घट्ट धरलेला.

रोजच्या तीन गोळ्यांतल्या दोन सून घेत होती, एक सासू.

"काऊन असं केलं बाई? तिलेबी गोळ्या फुकटच भेटल्या असत्या."

"गोळ्या भेटते मॅडम, पण रजिस्टरमधी नाव लागते." मनकर्णाबाईला बोलतानाही धाप लागत होती. "आमच्या गल्लीतल्या एका सुनेचं नाव लागलं. नवऱ्यानं तिले माहेरी सोडलं, घ्याले गेलाच नाई. माहा मिथुन तेलंगणात मिरची तोडाले गेला हाये. माहं पोरगं कसं हाये, मले ठाऊक हाये."

सरिता खाली बसली. बाई खरंच बोलली होती, एकही गोळी वाया गेली नव्हती. घरी येऊन पाहायला हवं होतं. ते न करता घरच्यांच्या तपासणीच्या यादीत सुनेच्या नावापुढे 'माहेरी' लिहून आपण मोकळे झालो, हे तिच्या मनात रुतून बसलं.

तिनं दोघींच्या बेडक्याचे नमुने तपासायला पाठवले. हर्षाला नेहमीचं औषध लागू पडणार होतं. मनकर्णाबाईचे जंतू मात्र अपुऱ्या औषधाला पुरते सरावले होते. तिला चंद्रपूरला भरती केलं, नवी औषधं सुरू झाली, पण फुप्फुसं पोखरून गेली होती. सव्वा महिन्यात ती गेली. सरिता शेवटचं भेटायला गेली, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "हर्षा पुऱ्या गोळ्या खाते ना आता?"

मिथुन मयतीला आला. तेरवी आटोपली आणि दुसऱ्याच दिवशी तो हर्षाला वरोऱ्याजवळ तिच्या माहेरी सोडून आला. सरितानं तिचे कागद तिकडच्या दवाखान्यात पाठवले आणि दर आठवड्याला फोन करत राहिली. हर्षाचं औषध पूर्ण झालं, बेडका साफ आला. त्याच दिवशी सरितानं मिथुनला फोन लावला, हर्षा बरी झाली, तिला घेऊन जा म्हणून सांगितलं.

"पाहू," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

सरितानं हर्षाला फोनवर ते जसंच्या तसं सांगितलं.

"त्याले आता काई सांगू नका मॅडम," हर्षा म्हणाली. "सासूसाठी मी गेली असती वापस. सासूच तं नाई आता."