उतरवायची राहिलेली साखळी

खाणीवरचं जुनं न्हाणीघर बघायला शाळेची मुलं आली, की तिथली माहिती सांगणाऱ्या बाई आधी त्यांना गप्प उभं करत आणि वर बघायला लावत. छताला रांगेने कप्प्या होत्या. प्रत्येक कप्पीवरून एक साखळी गेलेली. तिच्या एका टोकाला लोखंडी आकडा, दुसरं टोक खाली भिंतीवरच्या खुंटीला गुंडाळलेलं, आणि खुंटीच्या डोक्यावर रंगाने लिहिलेला नंबर.

"हे काय असेल, सांगा बघू."

"मोठे मासे पकडायचं," मागून एक मुलगा म्हणाला. सगळे हसले. बाईही हसल्या.

"हे कपाट आहे. छतावरचं कपाट. माणूस कामावर आला, की घरचे कपडे काढून या आकड्याला लटकवायचा आणि साखळी ओढून गाठोडं वर पाठवायचा. वर हवा गरम, त्यामुळे कपडे कोरडे राहायचे, आणि खालची कोळशाची भुकटीही त्यांना लागायची नाही. संध्याकाळी काळाकुट्ट होऊन वर यायचा, अंघोळ करायचा, साखळी सोडायचा आणि पुन्हा माणसासारखा दिसत घरी जायचा."

"आणि तो वर आलाच नाही तर?" दोन वेण्यांच्या एका मुलीने विचारलं.

हा प्रश्न प्रत्येक वर्गातून कोणीतरी विचारायचंच, म्हणून बाईंचं उत्तर तयार असे. घाई न करता त्या सांगत. खाणीत उतरायची पहिली विहीर माणसांनी कुदळीने खणली, तेव्हा दोराच्या टोपलीत बसून खाली जात. दोर तुटला की टोपली जाई. मग घोडे खाली नेले, मग वीज आली. कोणी छताच्या दगडाखाली गेलं, कोणी कोळशाच्या दोन डब्यांच्या मधे चिरडलं. कोणी काम सुटल्यावर कितीतरी वर्षं घरी खोकत राहिलं आणि खाटेवरच गेलं. त्यांना खाणीतले मेलेले म्हणून कोणी धरलंच नाही. आणि मग एका सकाळी दक्षिणेकडच्या बोगद्याचं सगळं छत बसलं. पलीकडच्या माणसांना काढता येईना. शेवटी तिथे भिंत घातली.

"माणसं आली नाहीत, पण त्यांचे कपडे इथे वर होते. मग घरचं कोणीतरी यायचं आणि आपल्या माणसाची साखळी उतरवायचं. त्या साखळीला परक्याने हात लावायचा नाही, असा इथला रिवाज. माझे बाबा त्या दिवशी खालीच होते. मी अगदी लहान होते. आईने येऊन त्यांची साखळी उतरवली. हा बघा त्यांचा नंबर. त्यांचा कोट अजून माझ्याजवळ आहे."

मुलं खुंटीकडे बघू लागली. वेण्यांची मुलगी मात्र वरच बघत होती.

"मग ते कोणाचं आहे?"

बाईंनी तिच्या बोटाच्या रोखाने पाहिलं. छताच्या काचा नुकत्याच धुतल्या होत्या, आणि कधी नव्हे तो त्या कोपऱ्यात उजेड पडला होता. तुळईला चिकटून एक काळं गाठोडं लटकत होतं. इतकी वर्षं बाई त्याला तुळईचाच फुगलेला भाग समजत होत्या. त्याची साखळी कुठे येते हे बघायला त्यांनी नजर खाली आणली. कप्पीपासून ती तिरकी निघाली होती, शेजारच्या साखळीला ओलांडत होती आणि भिंतीवर येऊन एका खुंटीला घट्ट गुंडाळलेली होती. ती खुंटी त्यांनी आत्ताच मुलांना दाखवली होती.

"बाई, कोणाचं?"

"बघून सांगते हं," बाई म्हणाल्या. बघून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलांना बाहेर नेताना त्यांनी दोन वेळा मोजदाद केली आणि दोन्ही वेळा चुकल्या.

छताचं काम करणारा मुकादम दारातच उभा होता. उद्या सगळ्या साखळ्या उतरवून गंज काढायला नेणार होता.

"तेवढी एक ठेवाल का?"

"उद्या सकाळपर्यंत ठेवतो की. तुमची आहे का?"

बाईंनी मागे वळून खुंटीकडे पाहिलं. आपली असेल, तर उद्या सकाळच्या आत आपणच उतरवायला हवी. आपली नसेल, तर हात लावायचा आपल्याला काय अधिकार? आयुष्यभर मुलांना हेच तर शिकवलं.

घरी येऊन त्यांनी पेटीतून कोट काढला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. नवरा दिव्याचं बटण उघडून आतल्या तारा जोडत बसला होता. जन्मभर विजेचीच कामं केलेली, त्याला रिकामं बसवत नसे.

"अहो, हा कोट बाबांचा नाही."

"बरं."

"बरं काय? बाबांची साखळी अजून वरच आहे. मग आईने उतरवली कोणाची?"

नवऱ्याने पेचकस खाली ठेवला. बाईंनी सगळं सांगितलं. बाबांच्या शेजारची खुंटी त्यांच्याच घरातल्या भाडेकरूची होती. ते मागच्या खोलीत राहायचे. बाईंना त्यांचा चेहरा आठवत नव्हता, फक्त शीळ आठवत होती. त्यांना ना बायको, ना भाऊ. तेही त्याच सकाळी गेले.

"म्हणजे सासूबाईंनी चुकून त्यांचे कपडे आणले."

"नवऱ्याचा कोट बायकोला ओळखू येणार नाही?"

"मला माझा चष्मा ओळखू येत नाही. काल दिवसभर तुझा लावून फिरलो, डोकं धरून बसलो होतो."

"चेष्टा नको हो."

"चेष्टा नाही. कोट सगळ्यांना खाणीकडूनच मिळायचे ना, एकाच कापडाचे? आणि भाडेकरूचं धुणं-शिवणं तुझी आईच करायची, असं तूच सांगतेस. टाके दोन्हीकडे तिचेच."

तेही खरंच होतं. बाईंनी कोट अंगाशी धरला. बाही बोटांच्या पुढे आली. लहानपणी त्यांनी आईला विचारलं होतं, फोटोत बाबा एवढे बुटके आणि कोट एवढा लांब कसा? आई म्हणाली होती, तेव्हा सैलच घालायचे. आणि लगेच चूल फुंकायला वळली होती. चूल चांगली पेटलेली होती, हे बाईंना आज आठवलं. पण ते खरंच आठवत होतं, की आत्ता मनानेच जुळवून दिलं, हेही कळेना. शाळेत असताना वाईट वाटलं की त्या याच कोटात तोंड खुपसून बसत. तो एका परक्या माणसाचा कोट होता. शीळ घालणाऱ्या.

"अगं, साबणकाकांना विचार ना," नवरा म्हणाला. "ते आहेत तोवर."

साबणकाका न्हाणीघराचे राखणदार होते. साबणाच्या वड्या वाटायचे, म्हणून हे नाव. आता ते लेकीकडे राहत आणि दुपारी खिडकीपाशी खुर्ची टाकून रस्त्यावरच्या प्रत्येकाला नावं ठेवत.

"कोण, एकबुटी का?" बाईंची चाहूल लागताच ते म्हणाले. "ये. केस किती पांढरे झाले ग तुझे. रंगव की."

एकबुटी हे नाव आईने पाडलेलं; बाकीच्यांनी नुसतं नाव उचललं, कारण कोणी विचारलं नाही. बाईंनी लहानपणी लाल बुटांच्या जोडातला एक बूट हरवला होता. नवे बूट घ्यायची ऐपत नसलेले ते दिवस. पुढे बाईंनी छत्री हरवली, किल्ली हरवली, एकदा शाळेची घंटाही हरवली, आणि प्रत्येक वेळी आईची सुरुवात तिथूनच व्हायची: बूट हरवलास तेव्हाच मी ओळखलं. शेवटच्या आजारातही ती या विषयावर आली होती.

बाईंनी साखळीचं सांगितलं. काकांनी रस्त्यावरची नजर काढली.

"दिसलं म्हणायचं तुला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला नाही तर कोणाला माहीत असणार?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलायचं नसतं, पोरी. साखळी उतरवायला ये, असं कोणी म्हणायचं नाही. ज्याला जेव्हा झेपेल तेव्हा त्याने यावं. एक म्हातारा बाप तर पार वर्ष उलटून गेल्यावर आला होता. आम्ही रोज त्या गाठोड्याखाली अंघोळ करायचो, पण वर बघायचो नाही."

"आई आली तेव्हा तुम्ही होतात?"

"दारात होतो. पाठ करून. घरचं माणूस आत असलं की आम्ही पाठ करायचो. त्यामुळे तिने कोणती सोडली, ते मी पाहिलं नाही. ती गेल्यावर बघतो, तर भाडेकरूची खाली आलेली आणि तुझ्या बापाची वरच."

"मग चूकच ती."

"असेल. त्या दोन साखळ्या वर एकमेकींना ओलांडून जातात, पाहिलंस ना? कप्पी मोडली होती, तेव्हा कोणीतरी आडवीतिडवी बसवली. आमच्या माणसांना सवय होती. नवं माणूस वर बघून खालची खुंटी धरायला गेलं, की हमखास शेजाऱ्याची चड्डी खाली यायची. फार हसायचो आम्ही."

बाईंच्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली. वर बघणारी. तिने नवऱ्याचा कोट लांबून ओळखला असणार, आणि ओळखला म्हणूनच त्याच्या बरोबर खालची खुंटी धरली असणार. ओळख पटली नसती, तर तिने नंबर वाचला असता.

"पण मी तिला बजावलं होतं," काका म्हणाले. "वर बघू नकोस, नंबर बघ. हे मी प्रत्येकीला सांगायचो."

"तिने ऐकलं होतं?"

"मान हलवली. त्या दिवशी सगळ्याजणी नुसती मान हलवत होत्या."

"घरी गेल्यावर तरी कळलं असेल. परत का नाही आली?"

"परत कशी येणार? एका माणसाने एकच साखळी. दुसरी उतरवायची नाही. उतरवली तर त्याच घरातलं आणखी कोणीतरी जातं, असं मानायचे. आणि ऐक, हे तिला आधीपासून माहीत होतं. तिचा बापही खाणीतलाच ना. म्हणून मला कधी कधी वाटतं, तिने ठरवूनच केलं. भाडेकरूला कोणी नव्हतं. तुझ्या बापाला तू होतीस. आज ना उद्या मोठी होशील, येशील."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगायचं नसतं म्हटलं ना."

"म्हणजे चूक, की ठरवून?"

"मी पाठ केली होती ग," साबणकाका म्हणाले. त्यांचा आवाज जरा चिडका झाला. "पाठीला डोळे असते तर सांगितलं असतं."

बाई घरी निघाल्या आणि रोजचं वळण सोडून पुढे गेल्या. ते लक्षात आल्यावर मागे फिरल्या. चुकून झालं असेल, तर आई आयुष्यभर त्या कोटावर हात फिरवून खोटं बोलली. ठरवून केलं असेल, तर तिने बाबांना इतकी वर्षं टांगून ठेवलं, एका पोरीच्या भरवशावर. आणि ती पोर रोज त्याच गाठोड्याखाली उभी राहून मुलांना रिवाज समजावत होती. कोणत्या गोष्टीचं वाईट वाटून घ्यावं, तेच ठरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा तेलाची डबी घेऊन बरोबर आला. लेकीचा हात धरून साबणकाकाही आले. मुकादमाने आपली माणसं बाहेर बसवली. नवऱ्याने साखळीच्या कड्यांना तेल दिलं, खुंटीवरचे गंजलेले वेढे हलते केले आणि शेवटचा वेढा तसाच ठेवून तो दारात गेला. साबणकाका तिथे पाठ करून उभे होते. नवराही त्यांच्याशेजारी पाठ करून उभा राहिला. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी वर बघितलं नाही. नंबर वाचला, पुन्हा वाचला आणि वेढा सोडला. साखळी कुरकुरत, थांबत, हाताला झटके देत चालू लागली. वरून काजळी पडली. मग गाठोडं एकदम त्यांच्या छातीपाशी आलं.

कोट आखूड होता. बाही बाईंच्या मनगटाशी संपत होती. आत सदरा, पट्टा, आणि दगडासारखी वाळलेली साबणाची अर्धी वडी. कोटाचा एक खिसा फुगलेला होता. बाईंनी हात घातला आणि एक लाल बूट बाहेर आला. त्यांच्या तळहाताएवढा. टाच नवी होती, जाड काळ्या चामड्याची. खाणीतल्या यंत्रांचे पट्टे अशाच चामड्याचे असत, आणि तिथला चांभार ओळखीच्यांना अशी किरकोळ कामं करून देत असे. टाचेवर अजून एकही ओरखडा नव्हता.

बाई तिथल्या बाकावर बसल्या. बूट हरवला नव्हता. बाबा दुरुस्तीला घेऊन आले होते, घरी सांगायचं राहिलं होतं. आणि आईला हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं, म्हणजे या खिशात काय आहे तेही माहीत नव्हतं. एवढं एक पक्कं झालं. पण गाठोडं इथे आहे हे तिला माहीत होतं की नाही, हे तो बूट सांगत नव्हता. बाईंनी तो उलटा केला, सुलटा केला. काजळीने हात काळे झाले होते आणि तेच हात त्यांनी गालाला लावले.

"आली का खाली?" दारातून काकांनी विचारलं.

"आली."

"त्याचीच ना?"

"हो. बाबांचीच."

"मग वळू का आम्ही? माझे पाय दुखतात आता."

"थांबा जरा काका," बाई म्हणाल्या. बूट मांडीवर ठेवून त्यांनी डोळे पुसले, त्यामुळे डोळ्यांभोवतीही काळं झालं. "बरं, वळा. माझा बूट सापडला."

साबणकाका लेकीच्या आधाराने हळूहळू वळले. त्यांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मांडीवर पाहिलं, मग पुन्हा तोंडाकडे.

"कुठला बूट?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मुलांपुढे सुरुवात कुठून करायची हे त्यांना नेहमी माहीत असायचं. त्या बाकावर थोड्या सरकल्या, शेजारी जागा केली आणि हाताने फळी झटकली.

"बसा आधी," त्या म्हणाल्या.