काळं ओंगण

मोटारीच्या पोटातून निघालेलं काळं तेल जातं कुठे, हा सवाल पिपरबोडीत एकाही पागोटेवाल्याने विचारला नाही. विचारला तो सुगंधाबाई ढिवरणीने, आणि तोही शिव्यांसकट. शिव्या मी गाळल्या आहेत, नाहीतर गोष्ट दुप्पट झाली असती.

गुणवंतराव ठेकेदाराच्या लाकूड वाहणाऱ्या मोटारी पावसाळाभर गावाशेजारच्या मोहाच्या झाडाखाली उभ्या असत. दसऱ्यानंतर जंगलाच्या वाटा सुकल्या की त्या निघायच्या. त्याआधी गफ्फार मिस्त्री एकेक इंजिन उघडून साफ करी आणि जुनं तेल बाजूच्या पाटात ओती. पाट उताराने थेट बोडीत जाई. बोडी म्हणजे आमचं लहान तळं, आणि त्या तळ्यात सुगंधाबाईचे शिंगाड्याचे वेल. नवरा गेल्यापासून तिची चूल त्या वेलांवर पेटत होती. यंदा काठच्या पानांवर काळा तवंग चढला आणि पानं सडायला लागली. कार्तिकातलं पीक डोळ्यांदेखत जाणार, हे तिला दिसत होतं.

ती तडक मोहाखाली गेली.

"गफ्फारभाऊ, माह्या बोडीत काय ओतून राह्यले तुमी?"

"खराब तेल आहे बाई. मालिक बोलले, फेक. मी फेकलं. आता काय पिऊ का त्याले?"

"प्या ना! माहे शिंगाडे तर पिऊनच राह्यले."

गफ्फार हसला, मग पाटाकडे पाहून त्याने हातातला डबा खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसं फार नसतातच. 'मालक बोलले' म्हणणारी मात्र गावोगाव असतात.

मालक खाटेवर पान लावत बसले होते. बाईचं ऐकून म्हणाले, "अगं, तेलच आहे ना ते? तेल पाण्यावर तरंगतं. वरचं हाताने बाजूला सारायचं, खालचं पाणी चांगलं."

दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई काठचे कोवळे शिंगाडे त्याच पाण्यात उकडून, पळसाच्या पानावर घालून घेऊन आली. फुकटचं म्हटल्यावर ठेकेदार कधी नाही म्हणतो? गुणवंतरावांनी एक सोलून तोंडात टाकला आणि दुसऱ्या क्षणी अंगणभर थुंकत सुटले.

"काय घातलंस गं यात?"

"काई नाई मालक, तेलच हाय. वरचं हातानं बाजूले सारा ना, अन् खा."

मजूर तोंडात धोतराचा सोगा कोंबून हसले. ठेकेदाराची इज्जत गेली की तो दयाळू होतो. गुणवंतराव म्हणाले, "दोन रिकामी पिंपं घे. पण मोटारी निघतील तेव्हा पिंपं इथे भरलेली दिसली, तर पाटातच पालथी घालीन."

गफ्फारने पिंपं पाटापासून लांब नेऊन ठेवली. तेल त्यांत ओतून निवू दिलं. गाळ खाली बसला, तो त्याने आपल्या मांडवाच्या खांबांना फासला, वाळवी लागू नये म्हणून. वरचं तेल जुन्या लुंगीतून गाळून घेतलं.

"मोटारीच्या कामाचं नाई राह्यलं," तो म्हणाला, "पण बैलगाडीले चालते. बैलगाडी नखरे नाई करत."

म्हणजे ओंगण! गाडीच्या आसाला घालायचं तेल. आमच्याकडे प्रत्येक गाडीखाली ओंगणाचा बांबूचा नळा लटकलेला असतो. सुगंधाबाई गाडीवानांकडे पळाली. त्यांचा म्होरक्या रामाजी. त्याने ऐकूनच मान हलवली.

"नाई जमत बाई. आमी ओंगण घालतो ते आस जळू नये येवढंच. गाडी रडली पायजे. जंगलात गाडी रडते म्हणून वाघ वाट सोडते. तुह्या तेलानं गाडी मुकी झाली तं वाघ काय बैलाले राम राम करन?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. म्होरक्याची मान हलली की यांच्याही हलतात. मानेत हाड असतं हे विसरलेले लोक.

मोटारी निघायची वेळ आली, पिंपं काठोकाठ भरली. सुगंधाबाई बोडीच्या पाळीवर कपाळाला हात लावून बसली होती. सांज झाली होती. दूर रस्त्यावर रामाजीची गाडी कुईकुई करत येत होती. कलाराच्या दारूभट्टीपाशी कुईकुई थांबली. जवळच कपडे धूत असलेली रामाजीची बायको आशाबाई पिळा आपटून म्हणाली, "थांबला मेला! आता येन झुलत."

सुगंधाबाई ताडकन उठली.

सकाळी तिने रामाजीला एकटं गाठलं. "रामाजीभाऊ, तुमी भट्टीवर थांबता ते आशाबाईले कसं समजते?"

"नाक हाय तिले कुत्र्यासारखं."

"नाक नाई. कान! तुमची गाडीच चुगलखोर हाय. मुकी करा तिले."

रामाजीने वाकून स्वतःच्या चाकाकडे पाहिलं. दुपारी तो रिकामा नळा घेऊन, इकडेतिकडे बघत मोहाखाली आला. त्याच्यामागे इसरू आला, कोलू आला, सगळे गाडीवान आले. मोटारी निघायच्या आत दोन्ही पिंपं खडखडीत झाली. रिता नळा बोडीत खळबळायला निघालेल्या कोलूला मात्र सुगंधाबाईने नळ्यासकट हाकललं.

आठ दिवस गाडीवान सुखात होते. मग आशाबाई पदर खोचून सुगंधाबाईच्या दारात उभी राहिली.

"माह्या नवऱ्याची गाडी मुकी केली तू! माणूस कधी येते, कुठी थांबते, काई पत्ता नाई. अन् वाघ आला म्हंजे?"

"बस तं खरी. माह्या बोडीले तेल नको, तुह्या घरात दारू नको. मिस्त्रीले विचारू."

गफ्फारने मोटारीच्या मोडक्या कमानीतल्या, म्हणजे स्प्रिंगमधल्या, पोलादी पट्ट्यांचे तुकडे काढले आणि प्रत्येक गाडीच्या चाकाशी असे ठोकले, की चाक फिरलं की त्याचा आरा पट्टीला लागे. टण! बैलाच्या घंटेत गवत कोंबता येतं, यात काहीच कोंबता येत नव्हतं. वाघासाठी आहे म्हटल्यावर गाडीवानांना नाही म्हणता येईना. आपलीच वाघाची सबब आपल्याच चाकाला बसली.

कार्तिकात शिंगाडा निघाला. टपोरा, हिरवागार. सुगंधाबाईने पाळीवरच हंडा चढवला. गफ्फार आला, आशाबाई आली. गुणवंतरावही आले आणि प्रत्येक शिंगाडा हुंगून तोंडात टाकू लागले.

"हुंगता काय मालक, गुलाब हाय का?"

"सवय," गुणवंतराव म्हणाले आणि ओंजळभर उचलून घेतले.

इतक्यात रस्त्यावरून टण, टण, टण आलं. सगळ्यांचे हात थांबले. आवाज भट्टीपाशी पोचला. टण, टण. भट्टी ओलांडली. आशाबाईचा चेहरा उजळला.

मग टण थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, पण आता मागे मागे, भट्टीकडे जात.

"गाडी उलटी घेऊन राह्यला मेला!" आशाबाईने रामाजीच्या वाटणीच्या शिंगाड्यांचं पान उचललं आणि गफ्फारपुढे सरकवलं. "मिस्त्रीभाऊ, त्याचेबी तुमीच खा."