'काहीही' नावाचा डबा

आम्ही सातजण मिळून प्रोग्रामिंगची एक नवी भाषा बनवतोय आणि तिच्यातले डबे माझ्या वाट्याला आलेत. डबे म्हणजे माहिती साठवायच्या जागा. माझा नियम सरळ आहे: डबा बनवतानाच आत काय ठेवणार ते जाहीर करायचं. आकड्यांच्या डब्यात नाव कोंबायला गेलात, तर प्रोग्राम सुरूच होणार नाही.

आमच्यातला शंकासुर (हे नाव मीच ठेवलंय) दोन महिने एकच हट्ट धरून बसला होता. त्याला 'काहीही' नावाचा एक डबा हवा होता, ज्यात काहीही टाकता येईल.

"अगं, कशात काय आहे ते लोकांच्या डोक्यात असतं."

"आणि डोक्यातलं गेलं की? निस्तरायला तू येणार?"

हे मी त्याला सुनावत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आईचं स्वयंपाकघर होतं. बावीस डबे, आणि एकावरच्याही अक्षराचा आतल्या वस्तूशी संबंध नाही. 'कॉफी'मध्ये साखर, 'बिस्किटं'मध्ये बटणं, पोचा आलेल्यात मीठ. पण आईचा हात न बघता बरोबर डब्यावर जायचा. तिला विसरण्याचा आजार झाला, वार गेले, शेजाऱ्यांची नावं गेली, तरी हात चुकला नाही. दादा तिला संस्थेत ठेवायचं म्हणत होता. मी त्याच्याशी कडाकडा भांडले, तेव्हा कुठे तो म्हणाला, "ठीक आहे. स्वतःचा चहा स्वतः करतेय तोवर राहू दे घरी."

मग मी शहाणपणा केला. एका रविवारी बावीसही डबे रिकामे केले, घासले, भरले, प्रत्येकावर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावली आणि फळीवर अकारविल्हे मांडले. डोक्यातलं गेलं तरी डब्यावरचं राहील, असा माझा हिशेब होता. स्वतःवर फार खूश होते मी. आई स्टुलावर बसून बघत होती. "छान दिसतंय," म्हणाली.

अकारविल्हे लावलं की साखरेशेजारी सोडा येतो, कपडे धुवायचा. साखर एक घर सरकली आणि तिच्या जुन्या जागी सोडा बसला. आईने चिठ्ठी वाचलीच नाही. गुरुवारी शेजारच्या काकूंचा फोन आला, तेव्हा सोड्याच्या चहाने आईचं तोंड भाजलं होतं. तोंड बरं झालं. पण आता ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाते, उभी राहते आणि परत फिरते.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. दाढ काढल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं चाललंय.

आज दादा चार वाजता संस्थेचे कागद घेऊन येणार होता. सकाळच्या मीटिंगमध्ये शंकासुराने पुन्हा तोंड उघडलं. "घाल तुझा 'काहीही'," मी म्हटलं. तो भांडायच्या तयारीने आला होता.

"बरं नाहीये का तुला?"

"बरी आहे."

अर्धी रजा टाकून आईच्या घरी आले. चिठ्ठ्या खरवडल्या, डबे जमिनीवर काढले. सगळं होतं तसं लावायचं आणि दादा यायच्या आत आईला एकदा ओट्यापाशी उभं करायचं, एवढंच ठरवलं होतं. साखर 'कॉफी'त गेली. मीठ पोचा आलेल्यात. बटणं. पुढे काही आठवेना. या घरात मी वीस वर्षं जेवले होते आणि फळीकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. जुनी मांडणी कुठेच लिहिलेली नव्हती.

आई दारात येऊन उभी राहिली.

"आई, चहाची पावडर कशात असायची गं?"

तिने डब्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. पाहुण्याशी बोलावं तशा अदबीने म्हणाली, "इथल्या बाईंना विचारा ना. त्यांना सगळं न बघता सापडतं."

बेल वाजली. दादा वेळेवर आला होता.